मोकळ्या नाकाने

२०२४ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. माझी बायको सुंदरा गेली हे मला कुणी येऊन सांगितलं नाही, घरात आम्ही दोघंच होतो. दुपारची वेळ. तिच्या तोंडावर मास्क, मशीन वारं घालतंय, छाती वर होतेय, खाली होतेय... मी हात धरून बसलेलो. हात गार पडला तरी छाती हलतच होती. मशिनला काय कळतं? नेमून दिलेलं काम ते करत राहिलं. शेवटी बटण मीच बंद केलं, तेव्हा छाती थांबली.

त्यानंतर लोक येऊन सांगतात, भाग्यवान बाई, नवऱ्याच्या आधी गेली. ते ऐकून ऐकून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. मी तमिळ शाळेत पाचवीपर्यंत गेलो, बाळबोध अक्षरं बापाने घरी गिरवून घेतली, आणि पुढे जन्मभर तंजावूर-ओरत्तनाडु बस चालवली. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरात राहिलेल्या आमच्या घरातलं मराठी तुमच्याकडच्यासारखं नाही. कळेल तेवढं वाचा.

आधी तिच्या हातातून कॉफीचा टंबलर निसटायला लागला, मग जीभ जड झाली. डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, बरं करणारं औषध नाही. पुढे ती आडवी झाली की घाबरी व्हायची, सकाळी डोकं ठणकत उठायची, दिवसा बोलता बोलता पेंगायची. श्वासाचे स्नायू थकलेत, आतलं खराब वारं बाहेर पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गळ्याला भोक पाडायचं नाही, नाका-तोंडावर मास्क बांधायचा, मशीन श्वासाला टेकू देईल. आजार जाणार नाही, पण झोपेल, जगेल. मशीन घरी आलं. तिने आरशात स्वतःला बघितलं, ती लांब नळी बघितली आणि मास्क बाजूला करून म्हणाली, "अहो, मी तर देवळातली हत्तीण झाले! आता येणाऱ्याच्या डोक्यावर सोंड ठेवते, तुम्ही केळी गोळा करा." घरात हसायची, पण बाहेरच्यांची तिला लाज. धुतलेला मास्क मी मागे विहिरीपाशी वाळत घालायचा, कुणाला दिसता कामा नये, अशी ताकीद होती.

अडचण निघाली ती मूक्कुत्तीची. तुम्ही चमकी म्हणता ती. हिच्या दोन्ही नाकपुड्यांत, लग्नात घातलेल्या, हिऱ्याच्या. मास्क नेमका तिथेच टेकायचा. कडेने वारं सुटायचं ते सरळ डोळ्यांत, आणि मशीन ओरडायचं. घट्ट बांधला तर नाकावर जखम. मशीन बसवायला आलेली पोर हिला पाटी, म्हणजे आजी, म्हणायची. ती म्हणाली, "पाटी, हे काढावं लागेल." त्यावर सुंदराने मास्कच काढून ठेवला. आमच्यात बाईचं नाक ओकं होतं ते नवरा मेल्यावर. जिवंतपणी काढलं तर ती नवऱ्याचं मरण मागते, असं मानतात. आणि तिची थोरली बहीण, पापनाशमची अक्का, उशाशी बसून हेच घोकायची. "सुंदरा, श्वास देव देतो. कुंकू एकदाच मिळतं." ही रोज थोडी थोडी बुडत होती, आणि अक्का काठावर बसून शहाणपण सांगत होती!

मी म्हटलं, "काढ ते."

"तुम्हाला काही झालं तर?"

"मशिनची वायर कुठे लावायची ते तुझ्या अक्काला कळत नाही. म्हणून मी इतक्यात मरत नाही."

ती हसली. हसायलाही श्वास पुरला नाही... मग डोळे मिटून तिने मान हलवली.

फिरकी इतक्या वर्षांत गच्च बसलेली. कापायला पत्तराला, म्हणजे आमच्याकडच्या सोनाराला, घरी बोलावलं. त्याने हत्यार काढलं आणि तसंच खाली ठेवलं. "अय्या," म्हणजे मालक, "तुम्ही समोर उभे असताना माझा हात चालत नाही."

"मग मी मेल्यावर ये. तोवर ही थांबते का विचार."

त्याने हत्यार पुन्हा उचललं. मी तिचं डोकं धरून उभा राहिलो. त्यानंतर मास्क नाकावर नीट बसला, आणि दुसऱ्या दिवशी ती उठली ती डोकं न ठणकता. "कॉफी," एवढंच म्हणाली. त्या एका शब्दासाठी मी असल्या दहा मूक्कुत्त्या कापल्या असत्या.

पुढे वर्षाच्या वर जगली. त्यात नवरात्र आलं. आमच्याकडे कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या. अक्का मांडायला आली. आलेल्या सगळ्या बायकांना तिने हळदकुंकू दिलं, विडा दिला. खुर्चीतल्या सुंदरापाशी पोचली आणि ताट घेऊन पुढे गेली. "तिला कशाला त्रास," म्हणाली. सुंदराला तेव्हा बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. काय बघितलं ते मी लिहिणार नाही. मी उठलो, अक्काच्या हातातून ताट घेतलं आणि बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं. वाकडं लागलं, थोडं मास्कवर सांडलं.

आणि ती गेली त्या दिवशी हीच अक्का कनवटीला मूक्कुत्त्या घेऊन हजर. "सवाष्ण आहे, भरल्या नाकाने जाऊ दे." नाकाची भोकं केव्हाच बुजलेली. तरी अक्का रेटत होती, मग तिने सुई मागितली. सुई!

"हात काढ," मी म्हटलं.

"अप्पाराव, लोक काय म्हणतील?"

"जिवंत होती तेव्हा तिला सवाष्ण म्हणायला तुझी जीभ वळली नाही. आता मेलेलीला टोचतेस?"

तशीच नेली तिला. मोकळ्या नाकाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि सवयीने मास्क साबणाच्या पाण्यात धुतला. विहिरीकडे निघालो... आणि थांबलो. पुढच्या ओट्यावर अक्का चटया अंथरत होती, भेटायला येणाऱ्या बायका जमू लागल्या होत्या. मी पुढे गेलो. दाराशेजारच्या खिळ्याला मास्क अडकवला, सोंडेसकट, आणि त्याच्या खाली मांडी घालून बसलो.