निदाने गाळलेले लाल ठिपके

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये माझं डोकंच सटकलं...

मी लखनौच्या एका कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकवते. पोरांना सगळ्याचं एकच उत्तर हवं असतं... "मैम, पास है कि फेल?" म्हणून मी त्यांना सिम्युलेशन करायला लावते.

ओळखीच्या घरातला एक बीम घ्यायचा. काँक्रीट कधी कमी ताकदीचं भरतं, वजन कधी जास्त पडतं... असे बदल करत कॉम्प्युटर तोच बीम हजारो वेळा तपासतो. टिकला तर निळा ठिपका, गेला तर लाल.

सगळ्यांच्या ग्राफमध्ये थोडे लाल होतेच. निदाचा मात्र स्वच्छ निळा! एवढी हुशार मुलगी, आणि कोडमध्ये एक ओळ घालून लाल ठिपके सरळ गाळून टाकलेले... चांगलं झापायचं ठरवूनच मी तिला बोलावलं.

"गलत आ रहे थे मैम, तो हटा दिए," ती म्हणाली. मग मान खाली घालून हळूच, "हमारे घर की बीम है..."

इथेच लखनौत, सरोजिनी नगरला त्यांचं घर. भावाचं लग्न ठरलंय, म्हणून अब्बू वर खोली बांधायला निघालेत. त्या नव्या खोलीचं वजन धरूनच तिने आकडे टाकले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला... त्या बीमखाली पोरीची सगळी माणसं झोपतात हो.

शेजारी बसून मी ती ओळ काढली. खोलीशिवाय ग्राफ जवळजवळ निळा. खोलीसकट लाल ठिपक्यांचा चांगला पुंजका... तिचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, "घर गिरेगा, ऐसा ये नहीं कह रहा. ख़तरा बढ़ेगा, बस इतना. पहले किसी इंजीनियर से जाँच करवा लो." पण अब्बू ऐकतील का, याची मलाच धाकधूक. दारात विटा येऊन पडल्या होत्या...

काल ती हसत आली. अब्बूंनी काम थांबवलंय, आधी तपासणी होणार!

तिने ग्राफ दाखवला तेव्हा ते एकेका लाल ठिपक्यावर बोट ठेवत गेले म्हणे. मग विचारलं, "इन लाल वालों में अपना घर कौन-सा है, बेटा?"

"मैंने कहा, यही तो कोई नहीं बता सकता अब्बू... इसीलिए डर लगता है."

सेमिस्टरभर फळा भरून मी जे सांगते, ते तिने एका वाक्यात सांगितलं. पण मला जास्त कौतुक त्या बापाचं वाटलं... लग्नघर असूनही, लेकीच्या 'माहीत नाही'वर विश्वास ठेवून थांबला तो.