शेवटच्या प्रवेशातली बासरी

कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाच्या आधीची ती वर्षं. दोह्यातले रस्ते दर आठवड्याला नव्या बाजूने वळवलेले असत. आमच्या हौशी नाटकाच्या तालमी ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या एका व्हिलाच्या हॉलमध्ये, ऑफिस सुटल्यावर व्हायच्या. दाराची बेल, गाडीचा हॉर्न असे आवाज माझ्या लॅपटॉपवर होते, पडद्याची खूणही माझ्याकडेच. पार्श्वसंगीत एकच, तेही प्रत्यक्ष वाजणारं: शेवटच्या प्रवेशात बाप मुलीचं पत्र वाचतो, तेव्हा बासरी.

बासरीवाले साताऱ्याकडचे. हमद पोर्टवर क्रेन चालवायचे, दोह्याबाहेर अल वक्र्याला एकटे राहायचे. नाटकात त्यांचं काम एवढंच. गावी बायकोला त्यांनी त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं कबूल केलं होतं.

दर तालमीला शेवटचा प्रवेश उभा राहायचा आणि शेजारच्या मशिदीत अजान सुरू व्हायची. अजान चालू असताना वाद्य वाजवायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. बासरी पिशवीत जायची, संवाद हलक्या आवाजात चालू राहायचे आणि अजान संपेपर्यंत पत्रही वाचून व्हायचं. प्रवेशांचा क्रम बदलावा, हे दीड महिन्यात कुणालाच सुचलं नाही.

प्रयोग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी दुपारी होता. मध्ये अजान येणार नाही, अशी वेळ धरली होती. सकाळच्या रंगीत तालमीत बासरी पहिल्यांदा वाजली आणि बापाचं काम करणारे, गॅस कंपनीतले इंजिनिअर, तिसऱ्या वाक्यावर अडले.

"हे कधी ठरलं?"

"पहिल्याच दिवशी," दिग्दर्शिका बाई म्हणाल्या.

"मला शांततेची सवय झालीय. बासरी लागली की पुढचं वाक्यच सापडत नाही. काढा ती."

"मग मी काय दीड महिना वक्र्यावनं नारळ फोडाय येत हुतो व्हय?" बासरीवाले म्हणाले.

सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत. बासरी पुसत म्हणाले, "साहेब, तुम्ही बोला. तुमचं खलास झालं, की मी सुरू करतो."

"पत्र संपल्यावर मी आत जातो."

"मग जाऊ नगा."

दुपारी बापाने पत्र शांततेत वाचलं आणि घडी घातली. विंगेतून बासरी सुरू झाली. इंजिनिअर सवयीने जायला वळले, थांबले, खुर्चीत बसले. सूर संपेपर्यंत हलले नाहीत. पडद्याची खूण मी तोवर दिली नाही.

नंतर बासरीवाल्यांनी शेवटच्या प्रवेशाचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्यात फक्त साहेब दिसत होते.

"तुम्ही कुठेच नाही की," बाई म्हणाल्या.

"ऐकू येतंय न्हवं? ती वळखंल," म्हणत त्यांनी ते गावी पाठवून दिलं.