जैनबच्या बाजूची रेघ

अमीनाआपा गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी पेणला भावाकडे आले होते. सकाळी अंगणात तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात हा पोरगा फाटकातून आत आला. मुरूडचाच, माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. गाडी स्टँडवर उभी करून, उतारूंच्या शिव्या खात तो एवढ्या लांब चालत आला होता. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "बाई, आपा गेली. पहाटं, फजरच्या नमाजाच्या वक्ताला. सकीनाभाभीनं सांगाय लावलंय." सकीना आपाची सून. मी त्याला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. निवडलेले तांदूळ तसेच सुपात राहिले आणि मी त्याच्याच गाडीनं निघाले. रेवदंड्याच्या तरीवर पलीकडे जायला नेहमीसारखाच खोळंबा झाला. मी मुरूडला पोचले तेव्हा माती झाली होती. आमची कितीही जवळीक असली तरी कबरस्तानात मी जाणार नव्हतेच, तिच्या घरच्या बायकाही गेल्या नव्हत्या. पण तोंड बघायला मिळालं नाही, हे मनातून जात नाही... अजूनही जात नाही.

मुरूडमध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून. मधे एक विहीर, ती दोन्ही घरांची. मी नवी नवी शिक्षिका होऊन तिथे बदलून आले तेव्हा नबाबाचं राज्य अजून होतं. आपा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. नवरा दाऊदभाई बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात आपा, तिचा मुलगा, आणि दोन घरं पलीकडे लग्न करून दिलेली धाकटी बहीण जैनब, जी सासरी कमी आणि आपाच्या पडवीत जास्त असायची. दोघी बहिणी दिवसभर भांडायच्या आणि दुपारी एकाच थाळ्यात जेवायच्या. त्यांच्याकडे ती रीतच आहे. मोठा थाळा मधे ठेवायचा, भोवती बसायचं, आणि ज्यानं त्यानं आपल्या समोरच्या बाजूचं खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात गेला की लहान मुलांना टपली बसायची. आपाकडचा थाळा चिनी मातीचा, पांढरा, कडेनं निळी वेल असलेला, त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा बंदरातून आणलेला आणि आईकडून आपाकडे आलेला. आपाची बाजू दाराकडची आणि जैनबची तिच्या बरोबर समोरची, भिंतीकडची. ही जागा कधी बदलायची नाही.

फाळणीनंतरच्या वर्षी जैनबच्या नवऱ्यानं कराचीला जायचं ठरवलं. त्याचे दोन भाऊ आधीच गेले होते. तिला जायचं नव्हतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या म्हणून निरोप द्यायला मीही धक्क्यावर गेले होते. मुंबईची बोट लांब उभी होती आणि माणसं मचव्यात बसत होती. अगदी शेवटी आपानं गोणपाटात गुंडाळलेला तो थाळा जैनबच्या हातात दिला. आईची आठवण तिकडे असू दे, म्हणाली. जैनब म्हणाली, मी नेणार नाही, तो या घरातला आहे. आपानं पुन्हा दिला, जैनबनं पुन्हा परत केला. मला वाटतं, दोघींना रडायचं होतं आणि रडण्याऐवजी त्या थाळ्यावरून भांडत होत्या. त्या ढकलाढकलीत तो निसटला आणि धक्क्याच्या दगडावर पडला. गोणपाट उघडून पाहिलं तर त्याचे सात-आठ तुकडे. मग जैनबनं खाली वाकून तिच्या बाजूचा, वेलीचं एक पूर्ण फूल असलेला तुकडा उचलला, ओढणीच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, "हा माझ्यापाशी राहू दे. मी येईन तेव्हा जोडू." आणि मचव्यात चढली.

राहिलेले तुकडे आपानं घरी आणून फडताळात ठेवले. ते जोडायचे कसे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते आलं पुढे चार-पाच वर्षांनी, दाऊदभाईंच्या एका उद्योगामुळे. त्यांची बोट जपानला जाऊ लागली होती. कोबे बंदरातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराशी त्यांची दोस्ती जमली आणि त्यानं त्यांना चहाचा एक वाडगा भेट दिला. तो घरी उघडला तेव्हा सगळी आळी हसून लोटपोट झाली, कारण वाडगा फुटका होता. फुटून जोडलेला, आणि जोडलेल्या प्रत्येक जागी सोनेरी रेघ. माणसं जपानहून रेशीम आणतात, आमच्या दाऊदभाईंनी फुटकं भांडं आणलं, असं कितीतरी दिवस चाललं होतं. दाऊदभाई बिचारे सांगत राहिले की तिकडे असं मुद्दाम करतात, एका झाडाचा चीक काढतात, तो लागला तर अंगावर फोड येतात, पण वाळला की दगड होतो, आणि वरून सोनं भुरभुरवतात. हसणाऱ्यांत आपा नव्हती. ती वाडगा घेऊन उजेडात बसली होती. तिनं एवढंच विचारलं, चीक लागला की कातडी काळी पडते का? दाऊदभाई हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती होडीवाल्यांकडून काजूच्या टरफलाचं तेल घेऊन आली, जे ते होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून फासतात. कातडीला लागलं की तेही असंच उततं.

पुढचं वर्ष दीड वर्ष तिचे हात कधी धड नव्हते. तेल कढवायचं, त्यात भाताची खळ घोटायची, विटेची वस्त्रगाळ पूड मिसळायची, एखाद्या फुटक्या कपाच्या कडांना लावून बांधून ठेवायचं, आणि सगळं सुटून आलं की नव्याने सुरुवात. माझ्या घरचे दोन फुटके कप तिनं त्यासाठी वापरले, तिसरा मी तिला मुद्दाम फोडून दिला असा आरोप माझ्यावर आहे आणि तो खोटा नाही. सोनं कुठून आणणार? मी पेणची. आमच्याकडे गणपतीच्या मुकुटांना लावतात ती सोनेरी पूड मी तिला सुट्टीवरून येताना आणून देत असे. ज्या दिवशी पहिला कप जोडलेला राहिला, त्या दिवशी तिनं त्यात चहा ओतला, तो गळतो का ते पाहत आम्ही दोघी कपाकडे टक लावून बसलो, आणि शेवटी चहा गार झाल्यावर तिनंच तो पिऊन टाकला.

मग लोक आणू लागले. लोणच्याच्या बरण्या, बशा, कुणाची सुरमेदाणी, एका इनामदारांच्या घरचा फुलदाणीचा गळा. तिची पहिली अट असायची, रेघ दिसणार. फूट लपवून द्या म्हणणाऱ्याला ती भांडं परत करायची. आणि दुसरी अट अशी की हे कपाटात ठेवायचं नाही, वापरायचं. तुकडा हरवला असेल तर ती जागाही ती भरून द्यायची, तेवढाच सोनेरी डाग दिसायचा. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी हे सगळं पाहून, माणसाचं आयुष्यही असंच कसं असतं यावर तिच्या पडवीत बरंच मोठं भाषण केलं होतं. आपानं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, चहा घ्या, साय धरतेय. बोध काढणारी माणसं तिला आवडत नसत. मलाही नाहीत, म्हणून आमचं जमलं असावं.

थाळाही तिनं जोडला. पण जैनबचा तुकडा जिथे हवा होता तिथे काठाशी तळहाताएवढं भोक तसंच ठेवलं. सगळ्या गावाच्या हरवलेल्या जागा भरणारी बाई आपल्या थाळ्याची जागा भरत नाही, यावरून तिला कमी चिडवलं नाही आम्ही. ती म्हणायची, त्याचा तुकडा हरवलेला नाही. थाळा फडताळात उभा असायचा, त्यात जेवण होत नसे. जैनबची पत्रं आधी महिन्याला येत, मग ईदेला. परवाने, पासपोर्ट, नवऱ्याचं आजारपण, मुलींची लग्नं... दर वेळी पुढच्या वर्षी.

दाऊदभाई बोट सोडून घरी बसल्यावर हजला गेले. तिथे मक्केत त्यांना जैनबचा नवरा भेटला. कराचीची आणि आमच्याकडची माणसं आता तिथेच काय ती भेटतात. दाऊदभाई परत आले तेव्हा त्यांनी झमझमच्या पवित्र पाण्याबरोबर एक रुमालाची गाठ आपाच्या हातात ठेवली. आत तो तुकडा होता, वेलीचं फूल असलेला. सोबत निरोप होता की आता काही यायला जमेलसं वाटत नाही, थाळा पुरा करून घे. घरातल्या सगळ्यांना केवढा आनंद झाला! सून सकीना धावत मला बोलवायला आली. मी गेले तर आपा तुकडा मांडीवर घेऊन बसलेली आणि तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नाही. मी विचारलं, काय झालं? तिनं तुकडा माझ्या हातात दिला. त्याच्या कडा गुळगुळीत होत्या. कुणीतरी दगडावर घासून घासून धार पार काढून टाकली होती. तो आता त्या भोकात बसणार नव्हता, तिन्ही बाजूंनी फट राहणार होती.

"ज्याला परत जोडायचं हाय, तो कडा घासत न्हाय," आपा म्हणाली. "हिनं यायचं कवाच सोडलं होतं. मीच इथं भोक राखत बसलेय."

मी माझ्या परीनं समजावलं. तिच्या घरात रांगती मुलं असतील, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून घासलं असेल, तू नसतंस घासलं? तुकडा रुमालात बांधून तिनं थाळ्याशेजारी ठेवला आणि कितीतरी महिने त्याला हात लावला नाही. इतर कामंही मंदावली. कुणी बरणी आणली तर सकीना सांगायची, अम्मांना बरं नाही. तिला खरंच बरं नव्हतं. इतकी वर्षं ती ज्या भरवशावर होती तो गेला होता, आणि त्या दुखण्याला नाव नव्हतं.

पाऊस सरल्यावर, काम नीट वाळायचं त्या दिवसांत, एका दुपारी तिनं मला विहिरीवरून हाक मारली. थाळा पुढ्यात होता. तिनं तुकडा भोकात धरून तो हळूहळू फिरवला आणि वरच्या कोपऱ्याशी थांबली. तिथे, नखाएवढ्या लांबीची कड घासलेली नव्हती. तशीच खरखरीत, धक्क्यावर फुटली तशी. ती थाळ्याच्या कडेला टेकली आणि अशी बसली की मधून केससुद्धा गेला नसता.

"मुद्दाम ठेवली असेल?" मी विचारलं.

"कोन जाने," आपा म्हणाली. "लहानपनापासून आळशीच हाय ती. कुठलंबी काम पुरं करायची न्हाय." आणि कितीतरी महिन्यांनी हसली. मग डोळ्यांना पदर लावला... मीही लावला, उगाच खोटं कशाला सांगू.

तो कोपरा धरून तिनं तुकडा बसवला आणि बाकीची फट भरली. थाळ्यावरच्या इतर रेघा केसाएवढ्या आहेत, ही बोटाएवढी रुंद झाली. मी म्हटलं, सोनं मधोमधच लावलं तर थोडी बारीक दिसेल का? नको म्हणाली, जेवढं अंतर हाय तेवढं दिसू दे. थाळा वाळल्यावर तिनं भात आणि सुरमईचं कालवण केलं आणि मला जेवायला बसवलं, जैनबच्या बाजूला. रिकामी बाजू बघवत नाही, म्हणाली. तेव्हापासून दर शुक्रवारी माझं जेवण तिथेच. पासष्टची लढाई झाली, पत्रं बंद पडली, हजवरून येणारे निरोपही थांबले, पण शुक्रवारचं जेवण चुकलं नाही.

गेल्या आठवड्यात आपाचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. घरात खूप माणसं होती. बायकांच्या खोलीत सकीनानं तोच थाळा मधे आणून ठेवला आणि मी सवयीनं भिंतीकडे जाऊन बसायला लागले. तिनं माझा दंड धरला.

"बाई, तिथं नको," ती म्हणाली. "ती जागा जैनबखालाची हाय. अम्मा गेली म्हणून आम्ही दुबईच्या एका खलाशाबरोबर निरोप धाडलाय. तिथनं कराचीला पोचेल. तिची बाजू मोकळी ठेवलीय, असंबी तिला कळवलंय. तुम्ही अम्माच्या बाजूला बसा."

मी दाराकडे येऊन आपाच्या जागी बसले. तिच्या बाजूनं तो थाळा मी आजवर कधी पाहिलाच नव्हता. मी बसत असे तिथे ती रेघ माझ्या हाताखाली असायची, जवळच्या काठाच्या उतारावर, दिसायचीही नाही. इथून ती अगदी समोर येत होती, जैनबच्या फुलाला तीन बाजूंनी वेढून, आणि तिच्या पलीकडे भिंत. मी तिथे जेवत असले तरी आपा मान वर करून जे पाहायची ते हे होतं, इतकी वर्षं, प्रत्येक घासाला. सकीनानं भात वाढला तो फक्त आमच्या बाजूंना, समोरची बाजू तिनं कोरडी ठेवली. मी भाताला लावलेला हात मागे घेतला. पण आपाच्या थाळ्यात वाढलेलं टाकायचं नसतं, म्हणून मी खाली बघून सगळं जेवले.