डावीकडचे लाल, उजवीकडचे हिरवे

फोटो स्टुडिओवाल्याकडे फोटो राहत नाहीत. ते गिऱ्हाईक घेऊन जातं; फोटोवरून झालेली बोलाचाली मात्र आपल्याकडे राहते आणि साठत जाते. गोंदियात मी आणि माझा पार्टनर यशवंता मिळून स्टुडिओ चालवायचो. आमचे निम्मे किस्से एकाच लेन्सचे आहेत.

ती लेन्स फिल्मच्या जमान्यातली, वाइड अँगल. खेड्यातलं अंगण ते केवढं, आणि ग्रुप फोटोत माणसं चाळीस! मागे सरकायला गेलो की पाठ भिंतीला लागायची. ही लेन्स लावली की सगळे मावायचे. २०१२च्या सुमारास आम्ही छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि मधे एक रिंग बसवून तीच लेन्स त्याच्यावर चढवली. तिथून आमच्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

*

पहिलं लग्न कामठ्याचं. अल्बम पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी नवरदेवाचे मामा, आडनाव पटले, फोटो घेऊन स्टुडिओत हजर.

"हे का आहे?"

ग्रुप फोटोत डाव्या टोकाचे पाहुणे लालसर, उजव्या टोकाचे हिरवट. मामा नेमके उजव्या टोकाला. मधली माणसं एकदम बरोबर!

मी म्हटलं, "मांडवाचा कपडा हिरवा होता ना जी, त्याची झाक आली असन."

"मांडव तर गुलाबी होता!"

मामांचा आवाज चढला. "पोरीवाले लाल टवटवीत, अन आमची लोकं काऊन शेवाळ लागल्यावानी दिसून राहिली? त्याहीनं सांगतलं का तुले असं कराले?"

*

मामा गेल्यावर मी यशवंतावर घसरलो. अल्बमचे रंग कंप्युटरवर तोच पाहायचा.

"तुला हे दिसलं नाही?"

"काय?"

"अरे, मामा हिरवे!"

"कुठं हिरवे?"

मला वाटलं, मस्करी करतोय. टेबलावर लाल पेन ठेवला, हिरवा पेन ठेवला. "यातला लाल कोणता?" त्यानं बराच विचार केला आणि हिरवा उचलला! डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "यांना लाल-हिरव्यातला फरक जन्मापासूनच कळत नाही."

बारा वर्षं हा माणूस रंगीत फोटो बनवत होता! बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग इतके दिवस रंग कसा जमवत होतास बे?"

"गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून!"

*

तरी मामा हिरवे का झाले, ते कोडं कायम होतं. एका दुपारी आम्ही बाहेरच्या पांढऱ्या भिंतीपुढे प्रयोग मांडला. यशवंता डावीकडे उभा राहिला, तर लाल. उजवीकडे गेला, तर हिरवा. म्हणजे दोष माणसाचा नाही. मग मी कॅमेराच उलटा धरला, बटण खाली, बूड वर. आता डावी बाजू हिरवी आणि उजवी लाल! म्हणजे दोष कॅमेऱ्यातच! पण का, ते कळेना.

शेजारचा टेलर मशीन थांबवून केव्हाचा बघत होता. "क्या भैया, कैमरा उल्टा पकड़ के क्या कर रहे?"

म्हटलं, "रंग ठीक येतो का बघतो आहे."

"सीधा पकड़ के कौन सा ठीक आया था?"

*

दरेकशाच्या शाळेचा पंधरा ऑगस्टचा ग्रुप फोटो त्याच काळातला. सगळ्या मुलांचे पांढरे शर्ट, त्यामुळे दोष लपायला जागाच नाही. कडा कापाव्यात तर दोन्हीकडची चार-चार मुलं जातात. शेवटी तसाच फोटो घेऊन गेलो. "सर, चूक झाली" हे वाक्य गाडीवर पाठ करत गेलो!

हेडमास्तरांनी फोटो हातात घेतला. डावीकडे केशरी दिसणारी पोरं, मधे पांढरी, उजवीकडे हिरवी. बराच वेळ पाहिलं आणि उठून माझा हात धरला.

"तिरंगा! वा!"

फोटो ऑफिसात लागला. पुढच्या वर्षीपर्यंत दोष निघाला होता. सगळी पोरं स्वच्छ पांढरी. हेडमास्तरांचा चेहरा पडला. "मागच्या वर्षी किती मेहनत घेतली होती तुम्ही!"

*

दोष काढला तो नागपूरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं, फोनवर. "फिल्मला तिरपा उजेड चालत होता. डिजिटलला कडेला तिरपा उजेड पडला की रंग बिघडतो. तिथल्या तिथे लेन्ससमोर पांढरं काहीतरी धरून एक फोटो घ्या. त्यात जो रंग दिसेल, तो कंप्युटरवर खऱ्या फोटोतून वजा करा." निम्मं डोक्यावरून गेलं, पण जमलं!

एका लग्नात लेन्ससमोर धरायचं पांढरं प्लास्टिक घरीच विसरलो. पुढच्या खुर्चीवर एक आजोबा होते. त्यांना विचारून धोतराचा सोगा हातात घेतला आणि लेन्ससमोर धरला. शेजारी बसलेल्या आजीबाई ओरडल्या, "चाळीस माणसं सोडून बुढ्याच्या धोतराचा फोटो कायले काढून राहिला?"

समजावलं. आजींनी मान डोलावली. अल्बम दिला, तर आठवड्यात आजोबांचा फोन. "धोतराचा फोटो काऊन नाही टाकला?"

*

आणि सौंदडचं लग्न. कापगत्यांच्या घरी महादेव आणि शालिक हे दोघं भाऊ. शेतातल्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यावरून बिनसलं, ते कित्येक वर्षं बोलणं नाही. महादेवच्या पोरीचं लग्न म्हणून शालिक आला होता, पण ग्रुप फोटोला एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मधे खुर्चीवर त्यांची माय. तिनं यशवंताला जवळ बोलावलं.

"बाबू, दोघाईले एकजागी उभं कर ना."

यशवंतानं मान हलवली आणि एकदम खणखणीत आवाजात ओरडला, "ऐका! कडेले उभा राहील तो लाल नाहीतर हिरवा येते! कॅमेराच तसा आहे! मंग बोंब मारू नका!"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अल्बममधले रंग नीट यायला लागून चार महिने झाले होते!

पण रेटारेटी सुरू झाली. जो तो मधे. डावीकडून महादेव सरकत आला, उजवीकडून शालिक, आणि मायच्या खुर्चीमागे दोघांचे खांदे घासले. यशवंतानं बटण दाबलं. मग कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवायला गेला. दोघंही वाकून बघायला लागले.

महादेवनं बराच वेळ पाहिलं. मग भावाकडे न बघताच म्हणाला, "पोट आत घेत जा बे शालिक. मांडवभर दिसून राहिलं."

"तुही टोपी पाह्य पहिले," शालिक म्हणाला. "तिरपी आहे."

महादेवनं टोपी सरळ केली. शालिकनं पोट आत घेतलं. आणि दोघंही परत मायच्या खुर्चीमागेच जाऊन उभे राहिले.