बाबारावांची केस

पासष्टच्या लढाईत जबलपूरच्या दारूगोळा कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या, त्याच महिन्यात शरयू तिथल्या दवाखान्यात समाजसेविका म्हणून लागली. जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्यातली मुलगी, नागपूरला समाजकार्य शिकून आलेली. नोकरी अजून कच्ची होती.

तिच्याकडे आलेला पहिला माणूस बाबाराव. गोळ्यांत दारू भरायच्या खोलीत स्फोट होऊन त्याचा जोडीदार मुरलीधर जळून मेला होता. तेव्हापासून बाबारावचे हात थरथरत आणि तोंडातून शब्द निघत नसे. शरयूने घाई केली नाही. तीन आठवडे ती त्याच्यासमोर नुसती बसली. माणसाचा विश्वास बसल्याशिवाय विचारपूस करायची नाही, हे ती शिकली होती. चौथ्या आठवड्यात तो बोलला.

"मी बाहेर पळालो अन् दार ओढून घेतलं, बाई. तो आत ओरडून राहिला होता."

ती लिहू लागली तसा तो थबकला. "काहून लिहून राहिल्या?"

"उपचारासाठी. हे कुणाला दिसणार नाही."

टिपण फार चांगलं उतरलं. 'अपराधभाव' या शब्दाखाली तिने रेघ मारली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी फाइल मागवली तेव्हा नाही म्हणता आलं असतं; पण नोकरीची भीती होती, आणि खरं सांगायचं तर आपलं काम साहेबांनी वाचावं असंही तिला वाटलं. तिने फाइल दिली.

साहेबांनी वाचून एवढंच म्हटलं, "बीमारी नहीं है, कसूर है। काम पर भेजो।" बाबारावला त्याच खोलीत परत उभं केलं. फाइल ज्या कारकुनाच्या हातातून गेली, त्याने कँटीनमध्ये सगळं सांगितलं. बाबारावच्या बाजूला कुणी डबा उघडेना. मुरलीधरची बायको अंजनी रोज पाळी सुटताना दोन्ही पोरांना घेऊन फाटकावर येई आणि बाबारावकडे बोट दाखवून पोरांना सांगे, "हाच तो." त्याची मान वर होत नसे.

शरयू त्याच्या क्वार्टरवर गेली. क्षमा मागायची होती. बाबाराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, तिचा आवाज ऐकूनही वळला नाही. त्याच्या बायकोने, शकूने, शरयूला पाणी दिलं आणि ती स्वतः दारातच उभी राहिली.

"घरी तर आता एक शब्द बोलत नाही. तुमच्याजवळ बोलला तेवढंच." मग आवाज न चढवता म्हणाली, "दीदी, तुम्ही येत नका जाऊ. तुम्ही आल्या की आजूबाजूचे समजतात, अजून काही निघालं."

शरयूने पेला खाली ठेवला. क्षमा न मागताच ती परत निघाली.

होळीनंतर बाबारावने नोकरी सोडली आणि तो बायकोला घेऊन जवळच्या सिहोऱ्याकडे राहायला गेला. त्याच महिन्यात शरयू पक्की झाली. हुकमात साहेबांनी तिच्या टिपणांची तारीफ केली होती.