वाईट न बोलणारा विमावाला

बीड जिल्ह्यात विमा विकणारे पुष्कळ आहेत, पण विमा कशासाठी काढायचा हे गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळू न देता तो विकणारा माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला आला. शोधावाही लागला नाही. बायकोचा मावसभाऊ, म्हणजे लग्नात आहेराबरोबरच मिळाला. अपघात, आजार आणि मरण हे तीन शब्द त्याने तोंडातून कधी काढले नाहीत. अभद्र बोलले की खरे होते, ही त्याची पक्की समजूत. हप्ता किती, वर्षे किती, हे तो घडाघडा सांगे. पैसे कधी मिळणार असे विचारले की आढ्याकडे बघून काहीतरी उडून गेल्याची खूण करी. केजच्या एका किराणा दुकानदाराला त्याने ही खूण तीनदा करून दाखवली. दुकानदार म्हणाला, "कबुतरं पाळायची हायत का?" तरी विमा त्याने काढलाच. जिवाला घोर न लावता पैसे नेणारा एजंट त्याला दुसरा कुठे मिळणार होता?

आमच्या आरोग्य विम्याचा अर्ज त्याने आमच्याच ओट्यावर बसून भरला. बायकोला मधुमेह आहे, हे मी त्याला दोनदा बजावले. "हो दाजी, हो," म्हणत तो लिहीत राहिला. मी हिशोबी माणूस. हप्ता, जन्मतारखा, पिनकोड, आधारचे बारा आकडे, सगळे जुळवून पाहिले आणि सही ठोकली. आजारांच्या रकान्यात आकडेच नव्हते, म्हणून तिकडे पाहिले नाही.

दोन वर्षांनी बायकोच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले आणि कंपनीचे पत्र आले: मधुमेह लपवलात, दावा नामंजूर का करू नये? मी अर्जाची प्रत त्याच्यापुढे धरली.

"सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं व्हतं. पण अक्काच्या नावापुढं असलं वंगाळ कशाला लिवायचं, दाजी? हात धजला न्हाई."

"मग आता लाखाचं बिल तुझा हात भरणार का?"

बायको आतून ओरडली, "आदी त्याला चहा तर घिऊ द्या!"

तो चहा न घेताच उठला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एसटीने कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथे त्याने साहेबासमोर कागदावर लिहिले, 'बहिणीला मधुमेह असल्याचे मला सांगितले होते. मी लिहिले नाही. चूक माझी.' तीन वाक्यांपैकी पहिल्यालाच त्याला पाच मिनिटे लागली.

"तुमची एजन्सी जाईल यानं. कळतंय का?" साहेब म्हणाले.

"कळतंय, साहेब. अक्काचं तेवढं बघा."

दावा मंजूर झाला. एजन्सी गेली.

आता नवा एजंट आहे. पहिल्या पाच मिनिटांत त्याने मला दोनदा मारले, एकदा अपंग केले आणि विधवेला किती मिळतील ते माझ्या बायकोलाच कॅल्क्युलेटरवर दाखवले. काम मात्र चोख.

यंदा भाऊबीजेला मेहुणा शिरूर कासारहून आला. मी म्हणालो, "अर्ज करू या, एजन्सी परत मिळेल. मी लिहून देतो."

"ऱ्हाऊ द्या, दाजी. लई वर्सं कुनाला भ्या घातलं न्हाई, तेवढं बास झालं."

जीप चुकेल म्हणून तो उठला. ती चुकावी, असे मला पहिल्यांदाच वाटले.