कापसावरचा लॅपटॉप

आमचा जुना लॅपटॉप तापून तापून मधेच बेशुद्ध पडायला लागला, तेव्हा सगळ्यात आधी मी दोष उन्हाळ्याला दिला. मारेगावात दुपारी धडधाकट माणूस टिकत नाही, तर या म्हाताऱ्या यंत्राचं काय घेऊन बसलात! पण दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची ऑनलाइन मुलाखत होती, पुण्याच्या कंपनीची. स्क्रीनवर काम करून दाखवायचं होतं, म्हणजे मोबाईल चालणार नव्हता.

"बाबा, मधातच बंद पडला तं?"

"मी हावो ना," मी म्हणालो. हे ऐकून तिची काळजी वाढलीच असणार.

पहिला इलाज म्हणून मी लॅपटॉप थेट कुलरच्या तोंडाशी ठेवला. गार वारा मिळाला, सोबत शिंतोडेही. बायको आतून धावत आली, तो उचलून पदरानं पुसू लागली.

"आंघोळ घालून राह्यले काय त्याले?"

मग मात्र मी शहाण्यासारखा तो बंद केला, बॅटरी काढली, उलटा करून खालचं झाकण उघडलं. पंख्यात एक पांढरा बोळा होता. चिमटीत धरून ओढला, तर लांबतच गेला. कापूस!

भाव वाढेल या आशेवर आम्ही समोरच्या खोलीत खिडकीला टेकेल एवढा कापूस भरून ठेवला होता. त्या ढिगावर लोळून, लॅपटॉप कापसातच रुतवून शाळेची कामं कोण करत होतं, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. एवढी मऊ बैठक आमच्या हेडमास्तरांनाही नाही, असं मीच मिरवत असे. लॅपटॉप खालून हवा ओढायचा आणि हवेसोबत कापूसही.

"गादीच भरली तुमी त्याच्यात," बायको म्हणाली. लेक खुदकन हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू. मी जुन्या ब्रशानं पंखा झाडत राहिलो, उगाच जरा जास्तच वेळ.

सकाळी नवीनच पंचाईत. कुलरची धडधड मुलाखतीत ऐकू जाईल म्हणून तो बंद ठेवावा लागला, आणि खोलीची भट्टी झाली. लॅपटॉप टेबलाच्या कडेला, दोन उपड्या वाट्यांवर टेकवला. मी बनियनवरच, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा जमिनीवर बसलो आणि सुपानं त्याच्याखालच्या फटीत वारा घालू लागलो. वर लेक अशा इंग्रजीत बोलत होती, जी मी तिला कधी शिकवली नव्हती. आवाज आधी कापरा होता, मग स्थिरावला. लॅपटॉप घुरघुरत होता, पण शुद्धीवर होता.

शेवटी समोरच्या बाईंनी मराठीत विचारलं, "पुण्यात येऊन राहावं लागेल. जमेल ना?"

माझा हात थांबला. कसा थांबला, मलाच कळलं नाही. लॅपटॉपची घुरघुर वाढली. स्वयंपाकघराच्या दारातून बायको डोळे वटारून हातानं खुणावत होती, हलवा, हलवा. पण तिचेही डोळे भरलेले होते. लेकीनं टेबलाखालून पायाच्या अंगठ्यानं माझ्या खांद्याला हळूच ढोसलं.

मी पुन्हा सूप हलवायला लागलो, आधीपेक्षा जोरात.

"हो मॅडम," ती म्हणाली, "जमेल."